लहान चणीची चिमी

दर रविवारी सकाळी साडेसातला धायरीच्या आमच्या घरामागच्या ओट्यावर काटा मांडला जातो. स्वयंपाकघरात असतो तसलाच, पाच किलोचा, पण कोंबड्यांसाठी वेगळा घेतलेला. त्यावर प्लॅस्टिकची टोपली ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि एकेकीला टोपलीत बसवायचं. मुलगी वही घेऊन पायरीवर बसते. सासूबाई उंबऱ्यात चहा घेऊन. त्यांना काटा लागत नाही. छातीखाली तळहात घालून कोंबडी उचलतात, दोनदा हलकेच वरखाली करतात आणि सांगतात, "हिनं अंग धरलं." किंवा, "ही उतरलीय बघ." त्यांचं माहेर हिरडस मावळातलं, भोरच्याही पुढे. तिथे लहानपणी त्यांच्या घरी तीस-चाळीस कोंबड्या अंगणात असायच्या.

गेले काही महिने ओळखीपाळखीतून मला एकच प्रश्न येतोय. फोटो पाठवतात आणि विचारतात, "आमची सगळी पिल्लं एकाच वयाची आहेत, पण एक फारच लहान राहिलंय, काय करू?" हाच प्रश्न मागच्या वर्षी मलाही पडला होता. त्याचं मी चुकीचं उत्तर काढलं आणि त्यात एक कोंबडी गमावली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही बारा पिल्लं आणली. चार गिरिराजा, चार कडकनाथ, चार गावरान. गिरिराजा उबवणी केंद्रातून आणलेली, एका दिवसाची. कडकनाथ आणि गावरान आठवडी बाजारातल्या एका विक्रेत्याकडून. "सगळी एकाच दिवशीची आहेत ताई," असं त्यानं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. घरी आणून पहिल्याच संध्याकाळी वजनं केली. गिरिराजा ४१ ते ४४ ग्रॅम. कडकनाथ तिशीच्या आसपास. गावरानातली तीन कडकनाथाएवढी आणि चौथं २३ ग्रॅम. बोरासारखं. मुलीनं तिथल्या तिथे तिचं नाव चिमी ठेवलं. गिरिराजातल्या सगळ्यात मोठीचं नाव थोरली.

चौथ्या आठवड्यात गिरिराजा ३१० ते ३४० ग्रॅमवर होत्या, कडकनाथ १४०-१५० वर, गावरान त्याच्या थोड्या खाली, आणि चिमी ८५. एका ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, एकाच दिव्याखाली, एकच चिक स्टार्टर खाणारी पिल्लं, आणि त्यांत चौपट फरक. येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमीकडे बघून चुकचुकायचा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ही काही जगत नाही." मला ते लागलं. मी ठरवलं, हिला जगवायचंच.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, की मी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत होते. चण वेगळी आणि वाढ वेगळी. आपल्याकडे माणसांबद्दल बोलताना हे दोन शब्द किती नेमके वापरतात. अमकी उफाड्याची आहे, तमकी लहान चणीची आहे. लहान चणीची म्हणजे आजारी नव्हे. तिचा साचाच तेवढा.

कोंबड्यांत हा साचा जातीनुसार केवढा बदलतो! गिरिराजा ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार केलेली जात. परसात हिंडून खाणारी, तरीही मांसाला भरणारी कोंबडी हवी, या हेतूनंच तिची पैदास झाली. मादी तीन किलोच्या घरात जाते, नर त्याच्याही वर. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा दोन-अडीच किलोची. तिथलीच ग्रामप्रिया अंड्यांसाठी काढलेली, म्हणून अंगानं हलकी. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. ती मादी सव्वा ते दीड किलोवर थांबते. असिल कोंबडा उंच, हाडापेरानं दणकट, चार-पाच किलोचा, पण त्याला तिथवर पोचायला वेळ लागतो. आणि ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलो होतो. त्याच वयाचं कडकनाथ पिल्लू तेव्हा पाव किलोच्या आसपास असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

'गावरान' म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल मात्र काहीच गृहीत धरू नये. त्यात खरीखुरी देशी असते, संकरित असते, आणि देशीतही इतके नमुने असतात की एकाच खुराड्यात एक किलोची आणि दोन किलोची मादी शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतात.

मी चिमीला वेगळं काढलं. डालग्याखाली एकटी, तिच्यापुरता दिवा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, बारीक दळलेलं खाद्य, दिवसातून चार वेळा. तीन दिवस ती जवळपास काही न खाता कोपऱ्यात चिवचिवत राहिली. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अगं, एकटं पिल्लू खात नसतं. दुसऱ्यानं चोच मारली की हे मारतं." हे अगदी खरं आहे. कोंबडी बघून खाते. चार जणी टोचायला लागल्या की पाचवी भूक नसली तरी पुढे होते. चौथ्या दिवशी मी एक कडकनाथ पिल्लू तिच्या सोबतीला सोडलं आणि चिमी खायला लागली.

पण माझं सगळं लक्ष त्या डालग्यापाशीच अडकलेलं. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा तुम्हाला आठवत असेल. पुण्यात पाऊस परतताना जो कोसळतो तसा कोसळत होता. शेडच्या पश्चिमेच्या कडेनं पाणी आत यायचं, खालचं तूस ओलसर राहायचं. मी वरवर नवं तूस पसरत होते. ओलं काढून टाकायला हवं होतं, ते उद्या-उद्या करत राहिलं.

वहीतले थोरलीचे आकडे असे आहेत. पाचव्या आठवड्यात ४७०, सहाव्यात ६४०, सातव्यात ६९०, आठव्यात ६८०. तिच्या बहिणीचे याच चार आठवड्यांचे आकडे ४८०, ६७०, ८५०, १०२०. हे दोन्ही रकाने एकाच पानावर, माझ्याच हस्ताक्षरात आहेत. मी ते लिहिले आणि वाचले नाहीत. कारण ओट्यावरून खाली बघितलं की थोरली अजूनही कडकनाथ आणि गावरानांपेक्षा मोठीच दिसत होती. चिमीच्या तर जवळजवळ तिप्पट. मोठी दिसते म्हणजे बरी आहे, असं डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आईंनी एकदा तिला उचललं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ही पिसांनीच मोठी वाटतेय." मी तेव्हा चिमीचं अंडं कुस्करत होते.

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी थोरली शेडच्या कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून उभी होती. दुपारी गेली.

मी तिला कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं, कारण उरलेल्या अकरांचं काय होणार ते कळायला हवं होतं. त्यांनी पोट उघडून दाखवलं. लहान आतडं फुगलेलं, त्यावर पांढरे आणि लाल ठिपके. रक्ती हगवणीचा एक प्रकार, जो थोड्या मोठ्या पिल्लांना होतो आणि कित्येकदा विष्ठेत रक्त दिसण्याआधी वजनच खातो. ओल्या तुसात या जंतूंची अंडी पिकतात आणि टोचता-टोचता पोटात जातात. बाकीच्यांना पाण्यातून औषध सुरू केलं, शेड पूर्ण रिकामं करून तूस बदललं, पश्चिमेला पत्रा वाढवला. दुसरं कोणी गेलं नाही. पण थोरलीच्या छातीवर मी हात ठेवला तेव्हा हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. ते आदल्या दोन रविवारी लागलं असतं. मी तिला टोपलीत ठेवत होते, हातानं चाचपत नव्हते.

त्यानंतर आठवड्यानं माझ्या जावेचा भाऊ आला. तो उरुळी कांचनच्या बाजूला एका लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर, सुपरवायझर आहे. हजारो तलंगा वाढवतो. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर देतात, तेव्हा हा शब्द कागदावरही असाच लिहिलेला असतो. शहरात तो फारसा कोणाला माहीत नाही, आणि मला तो फार आवडतो. पिल्लूही नाही, कोंबडीही नाही. लांब पाय, बारीक मान, अंगावर अर्धी जुनी अर्धी नवी पिसं. या वयात सगळ्याच जणी कुपोषित वाटतात.

त्यानं मला फार्मवरची पद्धत सांगितली. दर आठवड्याला ठरावीक पक्षी तोलतात, सरासरी काढतात, आणि सरासरीच्या दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली एवढ्या पट्ट्यात किती पक्षी येतात ते बघतात. शंभरातले ऐंशी आले तर कळप एकसारखा वाढतोय. "पण ताई," तो म्हणाला, "आमच्याकडे सगळ्या एकाच जातीच्या, एकाच दिवशी उबलेल्या. तुमच्या बारांची सरासरी काढून तुम्हाला काय कळणार?" मी तोवर नेमकं तेच करत होते. बारांची बेरीज, भागिले बारा, आणि चिमी सरासरीच्या किती खाली आहे ते बघून रडवेली होत होते.

त्यानंच आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. कोंबडीचा सांगाडा पहिल्या बारा-तेरा आठवड्यांत जवळपास पूर्ण होतो. त्यानंतर वजन वाढतं, चरबी येते, अंडाशय तयार होतो, पण हाडं फारशी वाढत नाहीत. म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यात जे पिल्लू आजारानं किंवा उपासमारीनं मागे पडलं, त्याला पाचव्या महिन्यात कितीही खाऊ घातलं तरी ती कसर पुरती भरून निघत नाही. हाच काळ आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित असतो. पिल्लं गोंडस असतात तोवर सगळे बघतात. पुढे अंडी सुरू झाली की सगळे बघतात. मधल्या तलंगांकडे कोणी बघत नाही.

जाता-जाता त्यानं ऑगस्टमधले माझ्या फोनमधले फोटो बघितले. बाजारातून आणलेल्या दिवशीचे. दोन गावरान पिल्लांच्या पंखांना पिसं फुटलेली होती आणि चिमीच्या पंखांवर नुसती लव. "ही बाकीच्यांपेक्षा चार-पाच दिवसांनी तरी लहान आहे," तो म्हणाला. वयही तेच नव्हतं.

माझी मुलगी जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती. वर्षभर घरी येणारे म्हणायचे, बाळसं नाही धरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र कार्डावरच्या रेषा दाखवून म्हणायच्या, "ती तिच्या रेषेवर चालली आहे. शेजारच्या बाळाच्या रेषेवर तिला चढवू नका." मला हे माहीत होतं. पोटच्या मुलीबाबत माहीत होतं आणि कोंबड्यांबाबत लागू करायचं सुचलं नाही.

मग आम्ही वही बदलली. आता प्रत्येकीचं वेगळं पान आहे. मुलीनं आलेखाचे कागद चिकटवलेत. चिमीची रेषा सगळ्यात खाली, पण सरळ वर चढत जाणारी. पाचव्या आठवड्यापासून एकाही रविवारी ती थांबलेली नाही. ते डालगं, ते अंड्याचे चुरे, तिला खरं तर कशाचीच गरज नव्हती.

सध्या मी एवढं पाळते. वाढत्या वयात एखाद्या आठवड्यात वजन वाढलं नाही, तर त्या कोंबडीला हातात घ्यायचं, मग ती कळपात कितीही मोठी दिसो. छातीचं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना मांस हाताला लागलं पाहिजे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना गळ्याखालची खाद्याची पिशवी भरलेली आहे का बघायचं. सकाळी ती रिकामी हवी. शेपटीखालची पिसं चिकटलेली नाहीत ना, विष्ठा कशी आहे, तुरा फिकट आहे का. पाच मिनिटांचं काम. आणि वजन नेहमी एकाच वेळी, खाद्य घालण्याआधी, नाहीतर भरलेल्या पिशवीचेच पन्नास ग्रॅम मोजले जातात.

वेगवेगळ्या चणीच्या कोंबड्या एकत्र ठेवायच्या तर सोयही वेगवेगळी लागते, हेही हळूहळू कळलं. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगावं, म्हणजे सांडलवंड कमी होते, असं सगळे सांगतात. पण कोणाच्या पाठीच्या? गिरिराजाच्या पाठीच्या उंचीवर टांगलं की चिमीला ते आभाळाएवढं. आता दोन भांडी आहेत, दोन उंचीवर. शिवाय एका कोपऱ्यात उभ्या पट्ट्यांची जाळी लावली आहे. पट्ट्यांमधून चिमी आणि कडकनाथ आत जातात, गिरिराजांचं डोकं तेवढं जातं. आतल्या भांड्यातलं खाणं लहानांचं, निवांत.

बसायच्या दांड्याही तशाच. जड कोंबडी उंचावरून उडी मारते तेव्हा तळपायाला मार बसतो, जखम होऊन गाठ धरते. गिरिराजांची दांडी जमिनीपासून दीड फुटावर आहे. चिमी मात्र रात्री शेडच्या पार आढ्यापाशी जाऊन बसते. ती उडते, खरोखर उडते, कंपाउंडवरून शेजारच्या पेरूवर.

आढ्यापाशी बसलेल्या तिला बघताना मला वाटतं, कोंबडी मुळात अशीच असणार. सगळ्या पाळीव कोंबड्यांची पूर्वज जी तांबडी रानकोंबडी, तिची मादी साधारण किलोभराच्या आतच असते, झाडावर झोपते. म्हणजे चिमीचं माप मूळ मापाच्या जवळचं आहे. वाढवलंय ते बाकीच्यांना, आणि ते माणसानं. आपल्या सह्याद्रीत ती तांबडी नसते, करडी रानकोंबडी असते. ताम्हिणीच्या बाजूला पहाटे तिचा नर ओरडताना मी ऐकला आहे. आपल्या पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय आले ते या करड्या रानकोंबडीकडून, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं. चिमीच्या पायांच्या नळ्या हळदीसारख्या पिवळ्या आहेत. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग! आमच्याकडच्या रानातलीच ती."

आकार आणि अंडी यांचाही लोक उगाच संबंध जोडतात. मोठी कोंबडी म्हणजे जास्त अंडी, असं काही नसतं. पुण्यात राहणाऱ्यांना तर हे सहज समजावं. बी. व्ही. राव यांनी उभ्या केलेल्या इथल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० ही पांढरी लेयर देशभर पाळली जाते. ती दीड किलोच्या आसपासची, हडकुळी वाटणारी, पण वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. अंग लहान ठेवलंय ते मुद्दाम. जेवढं अंग मोठं तेवढं खाद्य नुसतं ते अंग चालवण्यात जातं. आमच्या गिरिराजा खातात दुप्पट आणि अंडी देतात निम्मी. तरीही त्या मला प्रिय आहेत. हिशेबासाठी मी कोंबड्या पाळलेल्या नाहीत.

तेराव्या-चौदाव्या आठवड्यात नर-माद्या स्पष्ट झाले. त्याआधी कडकनाथांत फसायला होतं, कारण तुराही काळपट असतो, लाल होतो कधी ते बघायची सोय नाही. पाठीवर शेपटीच्या मुळाशी येणारी पिसं बघायची. नराची टोकदार, लांब आणि चकचकीत, मादीची गोलसर. चार कडकनाथांत दोन नर निघाले, गावरानांत एक, गिरिराजांत एक. एक कडकनाथ आणि गावरान नर आईंच्या भावाकडे गावी पाठवले. गिरिराजा नर साडेतीन किलोचा झाला आणि त्याला लहान माद्यांत सोडणं धोक्याचं ठरलं. एकाच दुपारी त्यानं एका गावरान मादीच्या पाठीची पिसं उपटून काढली. तेव्हापासून तो गिरिराजा माद्यांबरोबर, आणि लहान कंपूत कडकनाथ नर.

अंड्यावर येण्याची घाई करू नका. ही विनंती मी प्रत्येकाला करते. तलंग मोठी दिसायला लागली की लोक लेयरचं खाद्य सुरू करतात. त्यात चुन्याचं प्रमाण ग्रोअरच्या, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्याच्या, तिप्पट-चौपट असतं, कवचासाठी. अंडी न देणाऱ्या अंगाला तो चुना बाहेर टाकावा लागतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मिश्र कळपात तर हा गोंधळ हमखास होतो, कारण गिरिराजा अंड्यावर आली तरी चिमीला अजून सहा आठवडे असतात. आम्ही सगळ्यांना ग्रोअरच ठेवलं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. जिला लागतो ती खाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत.

आई बोटांनी सांगतात. शेपटीखाली दोन टोकदार हाडं हाताला लागतात, त्यांच्यामध्ये एक बोट जेमतेम मावत असेल तर वेळ आहे, दोन मावली की अंडं आलंच. तुरा लाल होतो, आणि पाठीवर हात ठेवला की कोंबडी पंख किंचित पसरून खाली बसते. गिरिराजांचं पहिलं अंडं जानेवारीच्या शेवटी, ४४ ग्रॅम. कडकनाथांचं फेब्रुवारीत. ते काळं नसतं, फिकट बदामी असतं. हे मला अजून दर आठवड्याला कोणाला तरी सांगावं लागतं. चिमीनं १९ मार्चला दिलं. ३१ ग्रॅम, एका टोकाला निमुळतं. तेव्हा ती होती ९६० ग्रॅम. वाढ पुरी झाली होती. एवढीच असायची होती ती.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि चिमी खुडूक बसली. गिरिराजा आणि कडकनाथ, कोणी कधी बसल्या नव्हत्या. ही मात्र तीन दिवस रिकाम्या टोपलीत पसरून, हात नेला की फिस्कारून. मी नऊ अंडी काढली. आई म्हणाल्या, "सातच ठेव. अंगाखाली मावतील तेवढीच. कडेचं गार झालं की सगळीच आळीपाळीनं गार होतात." पाच गिरिराजांची, दोन तिची स्वतःची. मुलीनं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तोलून घेतली. गिरिराजांची ५६ ते ६० ग्रॅम, चिमीची ३५ आणि ३६.

एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. चार गिरिराजांची, एक तिचं. अंड्याच्या दोनतृतीयांश पिल्लू असतं म्हणतात, तसंच भरलं. थोरांची ३८ ते ४०, तिचं २४. त्या तीन आठवड्यांत चिमी ८१० वर आली होती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, घाईनं चार दाणे टिपते आणि परत बसते. आईंनी तिला उचललं आणि काही बोलल्या नाहीत. नुसतं मूठभर बाजरी भिजवून तिच्यापुढे ठेवली.

आता त्या पिल्लांचा पाचवा आठवडा चालू आहे. चार जण चारशेच्या वर आणि एक १२५. रात्री चिमी सगळ्यांना पंखाखाली घ्यायला बघते. चौघांची नुसती डोकी आत जातात, पाठी बाहेर. मध्ये ती, दोन्ही पंख ताणलेले, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. ती पिल्लांवरच चढून बसलेली असते. तिचं स्वतःचं पिल्लू एवढंसं, तेच काय ते पुरतं आत. एखादं थोरलं हललं की चिमी वर उचलली जाते, मग पुन्हा पंख पसरून खाली बसते. मी बॅटरी लावून हे रोज बघते.

या रविवारी त्या लहानग्याला टोपलीत ठेवलं तेव्हा शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून वाकून म्हणाल्या, "हे काही वाढत नाही वाटतं." मुलीनं वहीचं पान उलटून त्यांना दाखवलं. २४, ४०, ६२, ९१, १२५. मग चिमीला बसवलं. ९१५. मागच्या रविवारी ८८५. आईंनी तिला टोपलीतून काढताना तळहात छातीखाली घातला, दोनदा वरखाली केलं आणि पिल्लांकडे सोडलं.